आजीच्या वहीतलं चिपटं: मापांच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

आजीची वही आजपासून नीट लावायला घेतली. लाल कापडी बांधणीची चोपडी, वाणी उधारी मांडतात तसली. पुढून घरखर्च, मागून उलटी धरून पदार्थ. ९२ पानं शिल्लक आहेत, त्यांत ३८ पदार्थ लागले. सगळ्या पानांचे फोटो काढून झाले. शाई फिकी पडली आहे, पण आजीचं अक्षर मोठं आणि सुटं असल्यामुळे वाचायला अडत नाही.

अडतं ते मापांपाशी. शेर, पावशेर, नवटाक, छटाक, मापटं, चिपटं, कोळवं, निळवं. क्वचित 'मूठभर', आणि एका ठिकाणी 'लहान तांब्याने'. गेल्या उन्हाळ्यात मी या वहीवरून चटणी केली तेव्हा शेर म्हणजे किलो धरला, नवटाकाच्या जागी अंदाजानं मूठभर लसूण घातला आणि चिपट्याला सरळ वाटी म्हटलं. चटणी वाईट झाली नव्हती, पण ती आजीची नव्हती. म्हणून यंदा फेब्रुवारी ते जून, म्हणजे चटणी, कुरडई आणि लोणच्याचा हंगाम, वहीतलं प्रत्येक माप शोधायचं, वजनकाट्यावर ठेवायचं आणि मगच पदार्थ करायचा. कामाचा आवाका एवढाच.

९ फेब्रुवारी

वहीत तारखा नाहीत. पण आज खर्चाची पानं वाचताना कळलं की मापंच तारखा सांगतात.

सुरुवातीच्या पानांवर 'गूळ १ शेर, ९ आणे' असल्या नोंदी आहेत. मधल्या काही पानांवर रकमेपुढे 'न. पै.' येतं. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली आणि १९६४ पर्यंत त्यांना 'नवे पैसे' म्हणत, म्हणजे ही पानं त्या सात वर्षांतली. वजनांचंही तसंच. वजनमापांचा कायदा १९५६ चा. मेट्रिक वजनं १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्यानं आली आणि १९६२ च्या एप्रिलपासून सगळीकडे सक्तीची झाली. वहीत एका पानावर 'मिरची अडीच शेर' आणि चार पानांनंतर 'मिरची २ किलो ३०० ग्रॅम' असं आहे. कुणी सहज २ किलो ३०० मिरची घेणार नाही. वाण्याकडे नवी वजनं आल्यावर आजीनं जुना आकडा नव्यात बसवून घेतलेला दिसतो. शेर म्हणजे ८० तोळे, ९३३ ग्रॅम. अडीच शेर म्हणजे २ किलो ३३३. पुढचे तेहतीस ग्रॅम तिनं सोडून दिले.

चौथी शिकलेली बाई हा हिशेब करत होती. आज दुपारभर मी तेच पान बघत बसले.

मागच्या, पदार्थांच्या पानांवर मात्र हा बदल अर्धाच झाला आहे. मिरची, खोबरं, गूळ किलोत गेले. धणे, तीळ, गहू, कैरीच्या फोडी शेवटपर्यंत चिपट्या-मापट्यातच राहिले. असं का, ते आत्याला विचारायचं.

१६ फेब्रुवारी, गावी

आत्याकडे आले. साताऱ्यापासून तासाभराचं गाव. चिपटं माळ्यावर होतं, रिकाम्या डब्यात, मापट्याच्या पोटात बसवलेलं. दोन्ही लोखंडी, काठाला पितळी पट्टी. निळवं आणि कोळवं गेलं कुठं तरी. आत्या म्हणाली, "पोरांनी खेळायला नेलं आसंल."

कोष्टक तिला तोंडपाठ आहे. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. पायलीपर्यंत सगळं दुपटीनं चढतं. पायलीची रास सारखी निम्मी करत गेलं की निळव्याशी येऊन थांबतं, त्यासाठी काट्याची गरज पडत नाही.

माझा मोठा प्रश्न तिनं एका वाक्यात सोडवला. "पावशेर, छटाक, नवटाक ही तागडीतली. चिपटं, मापटं ही भरायची." म्हणजे मापाचं नावच सांगतं की जिन्नस वजनी आहे की मापी. पावशेर धणे आणि चिपटंभर धणे या दोन वेगळ्या गोष्टी, दोन्ही शेराचा चौथा हिस्साच असल्या तरी. घोटाळा फक्त 'शेर' या शब्दात आहे, तो दोन्हीकडे चालतो. त्यावर तिचा ठोकताळा असा: जे दुकानातून यायचं, मिरची, खोबरं, गूळ, ते वजनी. जे घरच्या कणगीतून किंवा डब्यातून निघायचं ते मापी. मग वाण्याकडे किलो आला तेव्हा घरातली चिपटी बदलायचं कारणच नव्हतं. वहीत बदल अर्धा का, त्याचं उत्तर हे.

१७ फेब्रुवारी, गावी

काटा सोबत आणला होता. चिपट्यात काठोकाठ पाणी २९२ ग्रॅम, मापट्यात ५८५. इतक्या जुन्या पत्र्याच्या मापांत दुप्पट इतकी नेमकी निघेल असं वाटलं नव्हतं.

मग एकेक जिन्नस. चिपटं भरायचं, वर हात फिरवून सपाट करायचं, वजन घ्यायचं. प्रत्येक तीनदा. गहू २३०, तांदूळ २४३, उडदाची डाळ २५०, तीळ १८१. धणे फक्त ९५, आणि किसलेलं सुकं खोबरं ८४.

गव्हाचा आकडा बघून थांबले. चार चिपटी, म्हणजे एक मापी शेर गहू, ९२० ग्रॅम. वजनी शेर ९३३. गव्हाच्या बाबतीत दोन्ही शेर जवळजवळ एकच आहेत, म्हणून धान्य मोजताना कुणाचं अडलं नाही. धण्याचा मापी शेर मात्र ३८० ग्रॅमच भरतो. गेल्या वर्षी मी चटणीत धणे किती घातले असतील, ते इथेच कळलं.

आत्या हे सगळं शेजारी बसून बघत होती. मी हात फिरवून धान्य सपाट केलं की तिचा चेहरा उतरायचा. चौथ्यांदा तिनं माझा हात धरला. "शीग का काढतीस? सपाट माप इकनाऱ्याचं. घरात शीग लावायची."

शीग म्हणजे काठावर उभा राहणारा निमुळता ढीग. आनंद शिगेला पोचतो तो हीच शीग चढून. आपण शब्द रोज वापरतो आणि चिपटं विसरून गेलो आहोत. तिनं दोन्ही हातांनी गहू वर सोडत सोडत शीग लावली, शेवटचे दाणे घरंगळेपर्यंत. वजन २६३. सपाटपेक्षा ३३ ग्रॅम जास्त, म्हणजे सातवा हिस्सा. वहीत 'शीग' हा शब्द एकदाही नाही. ज्या घरात सगळेच शीग लावतात तिथं तो लिहायचा कशाला?

नंतर माझ्यासाठी तिनं पायलीभर ज्वारी मोजली. पहिल्या मापाला 'एक' म्हणाली नाही, 'लाभ' म्हणाली. मग दोन, तीन. खळ्यावर असंच मोजत. हे काट्यावर येणारं नाही, पण नोंदवून ठेवते.

आता सगळी वजनं पुन्हा शीग लावून घ्यायची. दुपार त्यात गेली.

९ मार्च

चटणी. वहीप्रमाणे मिरची अडीच शेर वजनी, म्हणजे २ किलो ३३३. खोबरं अर्धा शेर, ४६७. लसूण नवटाक. नवटाक म्हणजे अर्धा पावशेर, दहा तोळे, ११७ ग्रॅम. धणे दोन चिपटी, तीळ एक चिपटं, शीग लावून. गरम मसाल्याचे जिन्नस छटाकाच्या हिशेबात, म्हणजे पाच-पाच तोळे, ५८ ग्रॅम. कांदा उभा चिरून चार दिवस गच्चीवर वाळवला आणि तेलात तळून घेतला.

मिरची कुटून देणाऱ्या डंकावर रांग होती. आपली मिरची पडते तेव्हा बाई समोरून हलत नाही, ही पद्धत अजून तशीच आहे. आधीच्या घाण्याची राहिलेली पूड आपल्यात येऊ नये आणि आपली मागं राहू नये. डोळे झोंबतात, तरी उभं राहायचं.

घरी आणून आईला चव दिली. तिनं जिभेवर ठेवली, थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "खोबरं किंचित जास्त भाजलंस." मापांबद्दल काहीच बोलली नाही. मला हवं होतं ते मिळालं.

३० मार्च

पाडवा. पुरणाला वहीत 'डाळ तेवढा गूळ' एवढंच. डाळ आणि चिरलेला गूळ दोन्ही एकाच भांड्यानं मोजले. या पानाला काट्याची गरजच नाही, चिपटं हरवलं तरी हे पान चालेल. 'तेवढा', 'निम्मा', 'दुप्पट' असे शब्द असलेले पदार्थ वेगळे काढून ठेवले, ३८ पैकी १४ निघाले.

२६ एप्रिल

कुरडईचं पान पूर्ण उतरवते, कारण ते सगळ्यात छोटं आहे:

'गहू १ शेर. तीन दिस भिजत. चीक तितके पाणी. मीठ. आभाळ बघून घालावे.'

गहू मापी शेर शिगेनं, १ किलो ५२ ग्रॅम. लोकवन. २२ तारखेला सकाळी भिजत घातला आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी बदललं. दुसऱ्या दिवसापासून आंबूस वास येतो, तो यायलाच हवा. दाणा मऊ पडतो, किंचित आंबतो, आणि त्यामुळे आतलं पिठूळ सत्त्व चिकट भागापासून सुटतं. तीन दिवसांनंतर दाणा चिमटीत दाबला तर पांढरं दूध बाहेर आलं पाहिजे. काल सकाळी वाटून, फडक्यातून पिळून, गाळून चीक काढला आणि रात्रभर न हलवता ठेवला. आज पहाटे वरचं पिवळसर पाणी अलगद ओतून दिलं. खाली पांढरा घट्ट चीक बसला होता, भांड्याच्या तळाशी चुना बसावा तसा.

'चीक तितके पाणी' हे शहाणपणाचं माप आहे. चीक दर वेळी सारखा निघत नाही. गहू जुना की नवा, पिळणाऱ्याच्या हातात जोर किती, पाणी किती ओतलं, यावर ठरतो. आजीनं पाण्याचा आकडा लिहिला असता तर तो दुसऱ्या दिवशीच चुकला असता. माझा चीक तीन चिपटी आणि वर थोडा निघाला. त्याच चिपट्यानं तेवढंच पाणी उकळत ठेवलं, मीठ आणि हिंग घातलं, आणि चीक बारीक धारेनं सोडत घोटला. आधी गुठळ्या वाटतात. हात थांबवला नाही तर सगळा गोळा एकदम चमकायला लागतो, दुधी रंग जाऊन काचेसारखा होतो. मग झाकण ठेवून वाफ. सोऱ्यात गरम असतानाच भरायचा, गार झाला की दाबताना खांदा दुखतो आणि तारा तुटतात.

दोन वाट्या चीक बाजूला काढून तूप-साखर घालून खाल्ला. कुरडईच्या कामातला हा हक्काचा वाटा, तो न खाता वाळवण घालणारं घर मी पाहिलेलं नाही. पिळून उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या घातल्या.

सकाळी नऊच्या आत ६४ कुरडया गच्चीवर.

२९ एप्रिल

खडखडीत वाळल्या. डब्यात भरताना वजन ४३० ग्रॅम. पाच मोडल्या.

२१ मे

दुसरा घाणा आत्यासाठी आणि आईच्या दोन मैत्रिणींसाठी घातला होता, दोन शेर गव्हाचा. काल सकाळी ऊन चांगलं होतं, ११८ कुरडया घातल्या. दुपारी आभाळ भरून आलं आणि साडेतीनच्या सुमारास पाऊस कोसळला. वर पळत गेले तोवर कडेच्या दोन ओळी विरघळून प्लॅस्टिकला चिकटल्या होत्या. बाकीच्या ताटांत उचलून घरात पंख्याखाली पसरल्या. आज बोटानं दाबल्या तर आत मऊ आहेत, आणि काहींवर राखी ठिपके दिसायला लागले आहेत. ठिपक्यांच्या सगळ्या टाकून दिल्या. त्यात तडजोड नको, बुरशी वरून पुसून जात नाही.

'आभाळ बघून घालावे' हे मी वाचलं होतं आणि त्याला माप समजले नव्हते. गहू, पाणी, मीठ काट्यावर ठेवलं आणि शेवटची ओळ सोडून दिली. अवकाळीच्या बातम्या आठवडाभर होत्या. गहू भिजत घालतानाच पुढच्या पाच-सहा दिवसांचं आभाळ बघायला हवं होतं, कारण चीक काढल्यावर थांबता येत नाही. नव्या वहीत कुरडईच्या पानावर ही ओळ सगळ्यात वर लिहिली आहे.

आत्याला फोन केला. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. माझ्या कुरडया चैत्रातच झाल्यात, तुझ्यासाठी ठेवल्यात."

२७ मे

मोसमी पाऊस काल पुण्यात आणि मुंबईतही पोचला. इतक्या लवकर आलेला मला आठवत नाही. वाळवणाचं काम यंदापुरतं संपलं. लोणच्याच्या कैरीची चौकशी करायला हवी.

१ जून

लोणच्याआधी एक गोष्ट सापडली, आणि माझ्या मते या सगळ्या कामातली तीच मोठी आहे.

आईकडे आजीच्या वहीची नक्कल आहे. लग्न होऊन पुण्यात आल्यावर तिनं निळ्या दुरेघी वहीत उतरवून घेतलेली. आज दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या. आजीच्या वहीत लोणच्याला आहे: 'फोडी ४ मापटी, मीठ १ चिपटे.' आईच्या वहीत: 'फोडी ४ वाट्या, मीठ १ वाटी.'

चिपटं मापट्याच्या निम्मं असतं. आजीचं प्रमाण आठास एक होतं, ते नकलेत चारास एक झालं. मीठ दुप्पट. पुण्याच्या भाड्याच्या दोन खोल्यांत ना मापटं होतं ना चिपटं, होती ती वाटी. आईनं दोन्ही शब्दांच्या जागी घरात होतं ते भांडं लिहिलं. मी असते तर मीही तेच केलं असतं, गेल्या वर्षी केलंच.

आमच्या लहानपणी घरचं लोणचं खारट असायचं, आणि गावाकडून आलेली आजीची बरणी उघडली की सगळे म्हणायचे, तिच्या हाताला चव आहे. आई ते ऐकून घ्यायची. आज तिला दोन्ही पानं दाखवली. तिनं चष्मा लावून दोनदा वाचली. मग म्हणाली, "मी नंतर मीठ कमी करत गेले गं, दर वर्षी थोडं थोडं. कुठं लिहिलं नाही एवढंच." म्हणजे चाळीस वर्षांत ती चाखत चाखत एकटीच आजीच्या प्रमाणापाशी येऊन पोचली होती.

८ जून

लोणचं. राजापुरी कैरी, घट्ट, कोय धरलेली. पावसानं डाग पडलेल्या बऱ्याच होत्या, निवडून घ्याव्या लागल्या. मंडईत फोडून घेतल्या, घरी धुऊन फडक्यावर चार तास पसरल्या. फोडीला पाण्याचा अंश राहता कामा नये.

फोडी ४ मापटी शिगेनं भरल्या, वजन १ किलो ५६०. मिठाशी आल्यावर आत्याला फोन. मिठाला शीग लावायची का? "मिठाला शीग नसती. हात फिरव."

पण कुठलं मीठ? एका चिपट्यात बारीक आयोडीनयुक्त मीठ सपाट भरलं तर ३५० ग्रॅम. खडेमीठ तव्यावर कोरडं करून पाट्यावर भरडलं तर २६०. चिपटं तेच आणि फरक ९० ग्रॅमचा. आजीच्या घरी खडेमीठच होतं, हे आत्या आणि आई दोघींनी सांगितलं. भरडलेल्या मिठानं प्रमाण फोडींच्या वजनाच्या बरोबर सहाव्या हिश्शाला येतं. बारीक मिठानं तेच साडेचाराव्या हिश्श्याच्या आसपास जातं. मीठ फार कमी झालं तर लोणचं वर्षभर टिकणार नाही, म्हणून अंदाजानं कमी-जास्त करण्यापेक्षा हा आकडा नव्या वहीत वजनात लिहिला: १ किलो फोडींना १६७ ग्रॅम मीठ, कुठलंही मीठ असो.

बाकी मोहरीची डाळ, मेथी, हळद, हिंग, तिखट वहीप्रमाणे. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार केलं आणि मग घातलं. चिनी मातीची बरणी उन्हात ठेवता आली नाही म्हणून मंद ओव्हनमध्ये कोरडी केली. वर दादरा, म्हणजे तोंडाला फडकं, बांधला.

१५ जून

खार सुटला आहे, फोडींच्या वर बोटभर. कोरड्या पळीनं खालवर केलं.

६ जुलै

आत्या आली आहे. जेवायला बसताना दादरा सोडला. फोड अजून करकरीत, पण आतपर्यंत रंग गेला आहे. आत्यानं भाकरीबरोबर एक खाल्ली, दुसरी घेतली. "मुरायला आजून म्हैना लागंल," म्हणाली आणि तिसरी घेतली.

आईनं फोड चाखली, खार बोटानं चाटला, आणि उठून आपली निळी वही घेऊन आली. "पेन दे." लोणच्याच्या पानावर पहिली 'वाट्या' खोडून तिनं 'मापटी' लिहिलं, दुसरी 'वाटी' खोडून 'चिपटे'. वही मिटता मिटता पुन्हा उघडली आणि चिपट्यापुढे लिहिलं, 'सपाट'.